एकाचा अपराध आणि सर्वांवरील संशय
(धर्मग्रामाच्या ज्युबिली महोत्सवात दिलेले व्याख्यान)



ज्युबिली हा शब्द आपण आज उत्सवाच्या अर्थाने योजतो. परंतु त्याचे मूळ जुन्या करारातील लेवीय ग्रंथात आहे. दर पन्नासाव्या वर्षी इस्राएल लोकांनी रणशिंग फुंकावे, दास्यात पडलेल्या बांधवांस मुक्त करावे आणि हातची गेलेली भूमी मूळ धन्यास परत द्यावी, असा दंडक तेथे घालून दिलेला आहे. ह्यावरून ज्युबिली ही केवळ आनंदाची घटिका नसून हिशेबाचीही घटिका आहे, हे उघड होते. आपण कोणाचे काय अडवून ठेवले आहे, ह्याचा शोध घेण्याचे ते वर्ष होय. आज दास व गहाणाची भूमी आपणांपाशी नाही, हे खरे. तथापि शेजाऱ्याचे एक धन आपण पुष्कळदा अडवून ठेवतो, आणि ते ठेवले आहे ह्याची जाणीवही आपणांस नसते. ते धन म्हणजे त्याची अब्रू. ह्याच धनाविषयी आज चार शब्द बोलावे असे मी योजिले आहे.

विषय नाजूक आहे. जगात कोठेही एखादा घातपात झाला, आणि तो करणाऱ्याचे नाव मुसलमानी निघाले, म्हणजे लोकमताचा काटा एकदम फिरतो. ज्याने बाँब लावला त्याच्यावर आपला राग थांबत नाही. तो त्याच्या गावावर, त्याच्या जमातीवर, शेवटी जो कोणी त्याच दिशेस तोंड करून प्रार्थना करतो त्या प्रत्येकावर जाऊन बसतो. हे योग्य की अयोग्य, ह्याचा विचार दूरस्थ माणसाने करणे सोपे आहे. म्हणून मी मुद्दाम असे उदाहरण घेतो, की ज्यात मेलेली माणसे आपल्याच वेदीभोवतालची होती.

इ. स. २०१९ च्या एप्रिलची २१ तारीख हा ईस्टरचा रविवार होता. श्रीलंकेत कोलंबो शहरातील कोच्चिकडे येथील संत अंतोनचे तीर्थमंदिर, नेगोंबोजवळील कटुवापिटिया येथील संत सेबास्टियनचे चर्च आणि पूर्व किनाऱ्यावरील बट्टिकलोआ येथील प्रॉटेस्टंट बांधवांचे झायन चर्च, ह्या तीन ठिकाणी पुनरुत्थानाच्या उपासनेसाठी जमलेल्या भाविकांत आत्मघातकी आततायांनी बाँब उडविले. त्याच सकाळी कोलंबोतील तीन मोठ्या हॉटेलांतही तसेच स्फोट झाले. अडीचशेहून अधिक माणसे प्राणांस मुकली आणि शेकडो जखमी झाली. मृतांत लहान मुले पुष्कळ होती. कित्येक घरांतील सर्वच माणसे एका बाकावर बसली होती आणि ती एकदमच गेली. ईस्टरची नवी वस्त्रे ल्यालेली ती लेकरे पाहून ज्याचे काळीज फाटले नसेल, असा मनुष्य विरळा. पुढे इ. स. २०२५ मध्ये त्यांतील १६७ कॅथलिकांची नावे रोम येथे श्रद्धेच्या साक्षीदारांच्या नामावलीत नोंदविण्यात आली.

हे कृत्य करणारे नऊ आत्मघातकी होते, असे तेथील सरकारने जाहीर केले. त्यांचा पुढारी झहरान हाशिम हा काट्टनकुडी गावचा, मुसलमान धर्मोपदेशक म्हणविणारा मनुष्य होता. त्याने आपला द्वेष धर्माच्या नावानेच शिकविला आणि इस्लामी राज्य म्हणविणाऱ्या टोळीने त्या हत्याकांडाचे श्रेय आपणांकडे घेतले. धर्माचा ह्या कृत्याशी काडीचाही संबंध नव्हता, असे म्हणून मी हा विषय गुळगुळीत करू इच्छीत नाही. धर्माच्या शब्दांचा विपर्यास करून माणसांस खुनी बनविता येते, ही गोष्ट सत्य आहे, आणि जे असा विपर्यास करतात त्यांच्याविरुद्ध शासनाने कठोर व्हावे हेही योग्य आहे. प्रश्न एवढाच आहे की, ह्या सत्यापासून पुढचे जे अनुमान लोक काढतात, ते खरे आहे काय?

प्रथम वस्तुस्थिती पाहू. श्रीलंकेत इ. स. २०१२ च्या शिरगणतीप्रमाणे मुसलमानांची संख्या लोकवस्तीच्या सुमारे दहा टक्के, म्हणजे वीस लाखांच्या घरात होती. ह्या वीस लाखांतून नऊ आत्मघातकी निघाले. त्यांचे साथीदार आणखी काही असतील. ते शंभर धरा, दोनशे धरा. तरीही बाकीचे जे राहिले, त्यांचे काय? त्यांनी काय केले, हे सांगावयास हवे. कारण लोकांच्या स्मरणात तेवढाच भाग राहिलेला नाही.

झहरानविषयी पहिली तक्रार करणारे मुसलमानच होते. त्याच्या स्वतःच्या गावात सूफी पंथाच्या लोकांशी त्याच्या अनुयायांचा इ. स. २०१७ च्या मार्च महिन्यात दंगा झाला, आणि तेव्हापासून तो पोलिसांस चुकवून फिरत होता. तेथील मुसलमानांच्या एका प्रमुख संस्थेच्या पुढाऱ्याने हल्ल्यानंतर सांगितले की, ह्या माणसाच्या जहाल उपदेशाविषयी आपण काही वर्षांपूर्वीच अधिकाऱ्यांस सावध केले होते. हल्ल्याच्या आधी सुमारे सतरा दिवस, ४ एप्रिल रोजी, भारताच्या गुप्तवार्ता खात्याकडूनही श्रीलंकेस इशारा गेला होता. हे इशारे दप्तरांत पडून राहिले. ह्या गोष्टीचा निवाडा तेथील सर्वोच्च न्यायालयाने १२ जानेवारी २०२३ रोजी केला. तत्कालीन राष्ट्राध्यक्ष व सुरक्षा खात्यांतील वरिष्ठ अधिकारी ह्यांनी कर्तव्यात हयगय केली असे ठरवून, एकट्या माजी राष्ट्राध्यक्षांस दहा कोटी श्रीलंकी रुपये भरपाईदाखल देण्याची आज्ञा न्यायालयाने फर्माविली.

सज्जनहो, येथे क्षणभर थांबून विचार करावा. ज्यांनी घंटा वाजविली त्यांत मुसलमान होते. ज्यांनी ती ऐकूनही कानांवर हात ठेवले ते राज्याचे अधिकारी होते. आणि तरी हल्ल्यानंतरच्या महिन्यात जमावाचा दगड कोणाच्या दारावर पडला? घंटा वाजविणाऱ्याच्या!

तो महिना कसा गेला ते आता ऐका. नेगोंबो भागात पाकिस्तान व अफगाणिस्तान येथून आलेले कित्येक निर्वासित भाड्याच्या घरांत राहत होते. त्यांत बहुत करून अहमदिया पंथाचे लोक होते, काही शिया होते व काही ख्रिस्तीही होते. हे सर्व आपापल्या देशांतील धर्मवेड्यांच्या छळामुळेच पळून आलेले. परंतु त्यांची नावे, चेहरे व पोशाख पाहून शेजाऱ्यांस भीती वाटली. घरमालकांनी त्यांस बाहेर काढले. आणि शेकडो बायकामुलांस मशिदीच्या व पोलीस ठाण्याच्या आवारात आश्रय घ्यावा लागला. धर्मवेडाला भिऊन जो पळाला, त्यालाच धर्मवेडा समजून हाकलण्यात आले. संशयाला डोळे नसतात, ह्याचे ह्याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही.

पुढे मे महिन्याच्या ५ तारखेस नेगोंबोजवळ पोरुतोटा येथे दंगल झाली. १२ तारखेस चिलाव येथे एका मुसलमान दुकानदाराने फेसबुकावर लिहिलेल्या एका इंग्रजी वाक्याचा अर्थ लोकांनी धमकी असा घेतला, आणि दुकाने व मशिदी ह्यांवर दगडफेक सुरू झाली. चिलाव हे ख्रिस्ती वस्तीचे शहर आहे व आपल्या एका धर्मप्रांताचे मुख्य ठिकाण आहे, हे मी खेदपूर्वक नमूद करतो. दुसऱ्या दिवशी हे लोण कुलियापिटिया, हेट्टिपोला, मिनुवानगोडा इत्यादी गावांत पसरले. कारखाने, घरे व मशिदी जळाल्या. आणि पुट्टलम जिल्ह्यात एका मुसलमान सुताराचा जमावाने त्याच्या घरीच तलवारींनी प्राण घेतला. त्या सुताराचा बाँबशी काय संबंध होता? प्रभू येशूचा प्रतिपालक पिता संत जोसेफ हाही सुतारच होता, एवढी आठवण जरी त्या दिवशी कोणास झाली असती, तरी कदाचित एखादा हात आवरला गेला असता.

इतक्यावरच हे भागले नाही. त्याच महिन्याच्या अखेरीस कुरुणेगल येथील एका मुसलमान डॉक्टरवर एका वृत्तपत्राने असा आरोप प्रसिद्ध केला की, त्याने हजारो सिंहली स्त्रियांस गुप्तपणे वंध्या केले. डॉक्टरास अटक झाली. गुन्हे अन्वेषण खात्याने चौकशी करून, आरोपास पुरावा सापडत नाही असे न्यायालयास कळविले. परंतु मधल्या काळात त्याचे नाव देशभर झाले होते. पेटलेले घर विझविता येते. पेटलेले नाव विझविणे कठीण. जून महिन्याच्या ३ तारखेस मंत्रिमंडळातील मुसलमान मंत्र्यांनी एकत्र राजीनामे दिले. एका सकाळी नऊ माणसांनी जे केले, त्याचा दंड सहा आठवड्यांत सुतारापासून मंत्र्यापर्यंत सर्वांनी भरला.

आता ह्याचे कारण काय? लोक स्वभावतः दुष्ट आहेत, असे मी मानीत नाही. ज्यांनी घरमालकांकडे जाऊन निर्वासितांस काढण्याचा आग्रह धरला, त्यांत बहुधा तीच माणसे असतील जी एरवी भुकेल्यास जेवू घालतात. त्याचे मूळ भयात आहे. खरा अपराधी तर स्फोटात मरून गेलेला असतो. जो मेला त्यास शिक्षा करता येत नाही. मग मनातील क्रोध जिवंत माणूस शोधू लागतो, आणि ज्याच्या अंगावर मेलेल्याची एखादी खूण दिसेल, टोपी, दाढी, बुरखा, नाव, त्यावर तो स्थिरावतो. दुसरे असे की, जे घडते ते दिसते, आणि जे घडत नाही ते दिसत नाही. नऊ जणांनी बाँब उडविले ही बातमी झाली. लाखो जणांनी त्या दिवशी दुकान उघडले, मुलांस न्याहारी दिली, आजाऱ्याची विचारपूस केली, ही बातमी होत नाही. ज्याची मुसलमान शेजाऱ्याशी रोजची ओळख आहे, तो ह्या न छापलेल्या बातम्या स्वतः वाचीत असतो. ज्याची ओळख नाही, त्याला केवळ छापलेलीच बातमी वाचावयास मिळते, आणि तिच्यावरून तो वीस लाखांचे चित्र काढतो.

ह्यावर कोणी विचारील, "तर मग त्यांच्यातील सज्जन निषेध का करीत नाहीत?" हा प्रश्न आपल्याही अंगणांत ऐकू येतो, म्हणून त्याचे उत्तर दिले पाहिजे. श्रीलंकेतील उलेमांच्या मध्यवर्ती मंडळाने हल्ल्याचा धिक्कार केला, आणि हल्लेखोरांची प्रेते मुसलमानांच्या दफनभूमीत स्वीकारली जाणार नाहीत असे सांगितले. आपल्या मुंबईतही तसेच घडले होते. इ. स. २००८ च्या नोव्हेंबर महिन्यात मुंबईवर जो हल्ला झाला, त्यात मारले गेलेले नऊ हल्लेखोर शहराच्या मरीन लाइन्स येथील मोठ्या कबरस्तानात पुरू देण्यास मुस्लिम जामा मशीद ट्रस्टने स्पष्ट नकार दिला. असले कृत्य करणारे आमच्या धर्माचे नव्हेत, अशी त्यांची भूमिका होती. ती प्रेते एक वर्षाहून अधिक काळ शवागारात पडून राहिली, आणि शेवटी इ. स. २०१० मध्ये सरकारने ती गुप्त ठिकाणी पुरली. मृतास माती देणे हे मुसलमान धर्मात केवढे मोठे कर्तव्य मानले आहे, हे ज्यास ठाऊक आहे, त्यास ह्या नकाराचे वजन कळेल. ह्याहून मोठ्या आवाजात निषेध कसा करावयाचा? आणि त्या रात्री बोरीबंदर स्थानकावर जे निरपराध प्रवासी पडले, त्यांत मुसलमानही होते, हेही आपण विसरता कामा नये.

आता हाच प्रश्न उलटा करून पाहू. ईस्टरच्या त्या हल्ल्यापूर्वी अवघ्या पाच आठवड्यांवर, १५ मार्च २०१९ रोजी, न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च शहरात एका गोऱ्या ऑस्ट्रेलियन मनुष्याने दोन मशिदींत शुक्रवारच्या नमाजास जमलेल्या लोकांवर गोळ्या झाडल्या. एकावन्न माणसे मेली. ज्या बंदुकांनी हे केले, त्यांवर त्याने ख्रिस्ती व मुसलमान ह्यांच्या जुन्या लढायांची नावे लिहिली होती. मी आपणांस विनयपूर्वक विचारतो, त्या शुक्रवारी संध्याकाळी आपल्यापैकी किती जणांस असे वाटले की, आता शेजारच्या मोहल्ल्यात जाऊन आपण ख्रिस्ती असल्याबद्दल क्षमा मागावी? बहुधा कोणासही नाही, आणि ते योग्यच होते. कारण तो मनुष्य आपला कोणी नव्हता, त्याने आपणांस विचारले नव्हते, आणि त्याचे कृत्य आपल्या प्रभूच्या शिकवणीच्या सर्वस्वी विरुद्ध होते. अगदी हेच उत्तर मुसलमान शेजारी देतो, तेव्हा ते आपण पुरेसे का मानू नये? एकच तराजू दोन पारड्यांस दोन वजने दाखवू लागला, तर दोष मालाचा नसून तराजूचा होय.

आपण कॅथलिकांनी तर ह्या बाबतीत विशेष जपावे. कारण एकाच्या नावावर सर्वांस दोषी ठरविण्याचा अनुभव आपल्या इतिहासात भरपूर आहे. इ. स. १६०५ मध्ये इंग्लंडात काही कॅथलिक तरुणांनी पार्लमेंट दारूने उडवून देण्याचा कट केला. तो कट खरा होता व निंद्य होता. परंतु त्यानंतर कित्येक पिढ्या इंग्लंडातील प्रत्येक कॅथलिक मनुष्य हा गुप्त कटवाला व पोपचा हेर समजला जाऊ लागला. ह्या संशयाची जमीन इतकी सुपीक झाली की, इ. स. १६७८ मध्ये टायटस ओट्स नामक एका लबाडाने, राजाचा खून करण्याचा कॅथलिकांचा कट शिजत आहे, अशी सर्वस्वी खोटी हकीकत रचली आणि देशाने तिच्यावर विश्वास ठेविला. निरपराध धर्मगुरू व गृहस्थ फासावर गेले. आयर्लंडचे महागुरू ऑलिव्हर प्लंकेट ह्यांस इ. स. १६८१ मध्ये लंडनात देहान्त शासन झाले. आज ख्रिस्तसभा त्यांस संत म्हणून वंदन करते. इंग्लंडातील कॅथलिकांस पार्लमेंटात बसण्याचा हक्क मिळण्यास इ. स. १८२९ साल उजाडावे लागले. एका खऱ्या कटाचे व्याज सव्वादोनशे वर्षे फेडावे लागले, आणि ते फेडणाऱ्यांपैकी एकानेही मुद्दल घेतले नव्हते!

इतके दूर तरी कशास जावे? ओरिसातील कंधमाळ जिल्ह्यात इ. स. २००८ च्या ऑगस्ट महिन्याच्या २३ तारखेस एका हिंदू स्वामींची हत्या झाली. ते कृत्य निंद्यच होते. त्याची जबाबदारी माओवाद्यांनी आपणांकडे घेतली. तथापि लोकांचा रोष ख्रिस्ती वस्त्यांवर कोसळला. चर्चे जळाली, माणसे मेली, आणि हजारो ख्रिस्ती कुटुंबे रानावनांत पळाली. कंधमाळची ती बातमी वाचताना आपणांस जे वाटले, तेच शब्द मनात जसेच्या तसे ठेवावे आणि त्यांतील केवळ गावाचे नाव बदलून पाहावे. चिलावच्या मुसलमान विधवेस त्याहून निराळे काही वाटले असेल काय?

ह्या संदर्भात लंकेच्या इतिहासातील एक गोष्ट मला फार बोधप्रद वाटते, आणि तिचा आपल्या गोमंतकाशी निकटचा संबंध आहे. सतराव्या शतकात पोर्तुगीजांनी लंकेच्या किनाऱ्यावरून मुसलमानांस हाकलून लाविले. पोर्तुगीज कॅथलिक होते, ही गोष्ट लपविण्याचे कारण नाही. त्या वेळी, इ. स. १६२६ च्या सुमारास, कँडीचा बौद्ध राजा सेनरत ह्याने त्या निर्वासितांस आपल्या राज्यात घेतले व पूर्व किनाऱ्यावर, बट्टिकलोआच्या बाजूस, वसविले. पुढे काळ फिरला. डच आले, त्यांनी पोर्तुगीजांस घालविले आणि कॅथलिक उपासनेवर बंदी घातली. तेव्हा गोव्यातील बाणावली गावचे एक धर्मगुरू, फादर जोसेफ वाझ, इ. स. १६८७ मध्ये मजुराच्या वेषात लंकेस उतरले व पोरक्या झालेल्या कॅथलिकांस धीर देत लपतछपत हिंडू लागले. इ. स. १६९२ मध्ये ते कँडीस पोहोचले, तेव्हा पोर्तुगीजांचा हेर असा त्यांच्यावर आरोप होऊन त्यांस बंदिवासात टाकण्यात आले. धर्म पोर्तुगीजांचा, म्हणून मनुष्यही पोर्तुगीजांचा, असे ते सरळ अनुमान! परंतु बौद्ध राजा दुसरा विमलधर्मसूर्य हा अनुमानावर थांबला नाही. त्याने ह्या बंदिवानाचे वर्तन पाहिले, त्याची निष्ठा ओळखली आणि त्यास आपल्या राज्यात उपदेशाची मोकळीक दिली. पुढे देवीची साथ आली, तेव्हा धर्म न विचारता रोग्यांची शुश्रूषा करणारे तेच फादर वाझ होते.

म्हणजे ज्या एका सिंहासनाने कॅथलिकांच्या छळातून पळालेल्या मुसलमानांस थारा दिला, त्याच सिंहासनाने प्रॉटेस्टंटांच्या छळातून पळालेल्या कॅथलिकांसही थारा दिला. तो थारा मिळाला नसता, तर आज लंकेत कॅथलिक धर्म कितपत उरला असता, हे सांगणे कठीण आहे. पोप फ्रान्सिस ह्यांनी १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबो येथे फादर वाझ ह्यांस संतपद दिले. त्या संताचा जन्मदिन २१ एप्रिल १६५१ हा होता. बंधूंनो, जो दिवस पुढे त्या भयंकर स्फोटांचा ठरला, तोच हा दिवस. ह्या योगायोगात मी काही गूढ शोधीत नाही. परंतु २१ एप्रिलचे स्मरण करताना केवळ मारणाऱ्यांचे स्मरण करावे, की संशयाच्या बंदिवासातून सेवेच्या बळावर बाहेर पडलेल्या त्या संताचेही करावे, हे आपल्या हाती आहे.

आता शास्त्राकडे वळू. लूकच्या शुभवर्तमानाचा नववा व दहावा अध्याय एकापाठोपाठ वाचून पाहावे. नवव्यात असे आहे की, प्रभू यरुशलेमेस जात असता एका शोमरोनी गावाने त्यास उतरू दिले नाही. तेव्हा याकोब व योहान हे शिष्य इतके खवळले की, आकाशातून अग्नी पाडून ते सगळे गाव भस्म करावे काय, असे त्यांनी विचारले. प्रभूने त्यांस धमकाविले आणि ते दुसऱ्या गावास गेले. लगेच दहाव्या अध्यायात, शेजारी कोण, ह्या प्रश्नाचे उत्तर देताना प्रभू जी कथा सांगतो, तिचा नायक कोण आहे? शोमरोनी! ज्या जातीच्या एका गावाने नुकताच अपमान केला, तिच्यातीलच मनुष्य त्याने दयेचा आदर्श म्हणून उभा केला. शिष्य एका गावाच्या अपराधासाठी सर्वांस जाळावयास निघाले होते. गुरूने एका सज्जनाच्या रूपाने सर्वांची अब्रू राखली. ख्रिस्ती मनुष्याने लोकांची पारख कोणत्या रीतीने करावी, ह्याचा ह्याहून निराळा धडा मला माहीत नाही.

ख्रिस्तसभेची शिकवणही ह्याच धोरणाची आहे. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी जो जाहीरनामा काढला, त्यात एकाच दयाळू देवाची उपासना करणाऱ्या मुसलमानांविषयी ख्रिस्तसभेस आदर वाटतो असे म्हटले असून, मागील वैरे विसरून परस्परांस समजून घेण्याचा मनःपूर्वक यत्न करावा असा उपदेश केला आहे. लंकेतील हल्ल्यापूर्वी थोडेच दिवस, ४ फेब्रुवारी २०१९ रोजी, पोप फ्रान्सिस व कैरो येथील अल् अझहरचे प्रमुख इमाम ह्यांनी मानवी बंधुत्वाच्या लेखावर एकत्र सह्या केल्या होत्या. आणि खुद्द कोलंबोचे कार्डिनल माल्कम रणजित, ज्यांची स्वतःची लेकरे मारली गेली होती, त्यांनी आपल्या लोकांस हेच विनविले की, एकाही मुसलमानास इजा करू नका. पुढील वर्षाच्या ईस्टरला त्यांनी हल्लेखोरांस क्षमा केल्याचे सांगितले. परंतु ह्या कटामागे कोण होते ह्याचा पूर्ण तपास व्हावा, ही मागणी त्यांनी सोडिली नाही. क्षमा आणि न्याय ह्यांत विरोध नाही. विरोध आहे तो न्याय आणि सूड ह्यांत. सूडाला कोणीही चालतो. न्यायाला नेमका तोच माणूस लागतो.

कोणी म्हणेल, "हे सर्व ठीक, परंतु सावध राहू नये काय?" अवश्य राहावे. परंतु सावधपणा व संशय ह्या दोन भिन्न वस्तू आहेत. सावध मनुष्य कृतीकडे पाहतो, संशयी मनुष्य नावाकडे. सावध मनुष्य आक्षेपार्ह गोष्ट दिसताच अधिकाऱ्यांस कळवितो, संशयी मनुष्य ती चहाच्या दुकानात कळवितो. आणि व्यवहारातही पाहिले तर, जी जमात आपल्यातील झहरानविषयी प्रथम बोलली, तिलाच शत्रू ठरविले, तर पुढचा झहरान उद्भवेल तेव्हा बोलावयास कोण पुढे येईल? जमातीस कोंडीत धरणे हे धर्मवेड्यास हवेच असते. कारण तुम्हांस ह्या लोकांत कधी थारा मिळणार नाही, हेच तर तो तरुणांस सांगत असतो. आपण दार लाविले की त्याचे म्हणणे खरे ठरते.

तेव्हा आपणांकडून काय व्हावे? आपल्या दहा आज्ञांत आठवी आज्ञा शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देण्यास मनाई करते, आणि पुराव्यावाचून शेजाऱ्याचा दोष खरा मानणे हाही ह्याच आज्ञेचा भंग होय, असे आपली धर्मशिकवण सांगते. हल्लेखोराने पाचवी आज्ञा मोडली, म्हणून आपणांस आठवी मोडण्याची मुभा मिळत नाही. मोबाइलवर आलेला निरोप खरा की खोटा हे न पाहता पुढे ढकलणे, ही आजच्या काळातील खोटी साक्ष आहे. घर भाड्याने देताना केवळ नाव ऐकून नाही म्हणणे, हा पुराव्यावाचून दिलेला निकाल आहे. मुलांसमोर जेवताना "ते सगळे तसेच" असे म्हणणे, हा तर पुढील पिढीच्या नावे लिहून ठेविलेला वारसा होय. ह्या तीन गोष्टी टाळण्यास विद्वत्ता लागत नाही, पैसा लागत नाही. लागतो तो थोडा संयम. आणि चौथी गोष्ट करावयाची ती ही की, आपल्या गल्लीतील मुसलमान कुटुंबाची ओळख शांततेच्या दिवसांतच करून घ्यावी. ईदेच्या दिवशी त्यांच्याकडे जावे, नाताळास त्यांस कुसवार पाठवावा, आजारात विचारपूस करावी. कारण बाँब फुटल्यावर ओळख करून घेण्यास वेळ मिळत नाही.

आपल्या धर्मग्रामाचे पूर्वज ज्या वेळी येथे पहिली प्रार्थना म्हणत होते, त्या वेळी भोवतालच्या लोकांनी त्यांस फिरंग्यांचे हस्तक म्हणून नाकारले असते, तर हा महोत्सव आज झाला नसता. कोणीतरी आपल्या वाडवडिलांस नावावरून न ओळखता वागणुकीवरून ओळखिले, म्हणून आपण आहो. ते ऋण आपल्या शिरावर आहे. ज्युबिलीच्या वर्षी ऋणे फेडावी व अडविलेले धन परत करावे, हा जुना दंडक आहे. ज्या कोणा शेजाऱ्याची अब्रू आपल्या मनाच्या कुलपात विनाकारण अडकून पडली असेल, तिची सुटका ह्या वर्षी व्हावी, एवढीच माझी आपणां सर्वांस नम्र विनंती आहे.

कटुवापिटिया व कोच्चिकडे येथील मृतांस प्रभू चिरशांती देवो, क्राइस्टचर्च येथील मृतांस व त्या निरपराध सुतारासही देवो, आणि आपणांस न्यायी नेत्र व निर्भय अंतःकरण देवो, अशी प्रार्थना मी करतो.